दोन दगडाबाई

दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला इम्तियाज शेख पुण्याची नोकरी सोडून घरूनच प्रोग्राम लिहायचा. पोरगा हुशार, पण हुशारीला घाईची खोड. त्याच्या लॅपटॉपवर एक छोटंसं साधन होतं. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत प्रश्न टाइप केला, की जगभरच्या प्रोग्रामरांनी दिलेल्या उत्तरांतलं पहिलं उत्तर तिथंच हजर. ब्राउझर उघडायला नको, पानभर चर्चा वाचायला नको. त्याची बायको आसमीन म्हणायची, "मला कवा इतकं इचारलं न्हाई तुम्ही!"

राहू गावच्या एका पाणीसंस्थेनं त्याला पाण्याच्या पाळ्यांच्या प्रोग्रामचं काम दिलं. कुणाच्या शेताला कधी पाणी, याचा मेसेज शेतकऱ्याला जायचा आणि यादी पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या मोबाइलवर. पाटकरी भिमामामा तीस वर्षं ही यादी डोक्यात घेऊन फिरलेला. पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं, "साहेब, आमच्यात दोन दगडाबाई हायती. दोघी शितोळे, दोघींच्या मालकांचं नाव बी ज्ञानोबाच. एक विहिरीकडची, एक चिंचंखालची. तेवढं ध्यानात ऱ्हाऊ द्या." इम्तियाजनं हसून मान हलवली.

वहीतून यादी उतरवताना पाच-सहा नावं चुकून दोनदा पडली आणि लोकांना दोन दोन मेसेज जाऊ लागले. इम्तियाजनं काळ्या खिडकीत विचारलं, दोनदा आलेली नावं कशी काढायची? एका ओळीचं उत्तर आलं. त्यानं ते उचललं, चिकटवलं आणि चहाला उठला. मूळ पानावर खाली कुणा भल्या माणसानं इशारा लिहिला होता, की नुसत्या नावावरून काढू नका, माणसं वेगळी असू शकतात. पण तेवढं खाली जायला ह्याला सवड कुठं होती?

चैत्राच्या उन्हात भिमाचा फोन आला. "साहेब, चिंचंखालची दगडाबाई यादीत न्हाई. सोडू का तिला पानी?"

इम्तियाज दुसऱ्याच कामात गुंतलेला. "मामा, यादी बरोबर हाय. यादीबाहेर कुनाला देऊ नका, न्हाईतर सगळा घोळ व्हतो."

पुढच्या पाळीलाही तेच झालं. बाईची काकडी ऐन फुलावर करपली. भिमानं तिचं पाणी दुसऱ्याला वळवलं, असा गावभर बोभाटा झाला. संस्थेनं सभा बोलावली. भिमाला काढायचं ठरल्यातच जमा होतं. इम्तियाजला यादी दाखवायला बोलावलं, तेव्हा कुठं त्यानं प्रोग्राम उघडून पाहिला. ती एक ओळ दिसली आणि चिंचंखालची दगडाबाई कुठं गेली ते कळलं. गुपचूप दुरुस्त केली असती तर राहूत कुणाला कळणार होतं? हा विचार मनात आला, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

सभेत तो उभा राहिला. "चूक भिमामामांची न्हाई, प्रोग्रामची हाय. दोन सारखी नावं बघून त्यानं एक गाळलं."

प्रोग्रामची म्हणे! जसा काही प्रोग्राम आभाळातून पडला होता.

अध्यक्ष हौसराव म्हणाले, "मशीनच ती, चुकायचीच." भिमाचं काम वाचलं. माणसं उठायला लागली. इम्तियाजनंही लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात चिंचंखालच्या दगडाबाईनं विचारलं, "पर लेकरा, आमी दोघी हाओत, हे तुला कुनीच सांगितलं न्हाई व्हय?"

इम्तियाजनं भिमाकडं पाहिलं. भिमा अंगठ्यानं जमीन उकरत होता. फोनबद्दल त्यानं सभेत चकार शब्द काढला नव्हता. शिकल्यासवरल्या माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

"सांगितलं व्हतं, मावशी," इम्तियाज म्हणाला. "मामांनी आधीच सांगितलं. मग फोन करून इचारलं बी. मीच देऊ नका म्हनलो."

दगडाबाई उठली. पदर सावरत भिमापाशी गेली. "आन् मी तुला भर चौकात शिव्या घातल्या रं, भिमा," एवढंच म्हणाली. इम्तियाजकडं तिनं वळूनही पाहिलं नाही.