बरोबरची खूण

व्याख्यान संपलं की एक म्हातारे डॉक्टर उठून उभे राहायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "मला समजलं नाही. परत सांगा."

मोठमोठ्या रुग्णालयांतले तज्ज्ञ आधी हसायचे, मग परत सांगायचे. यांचं समाधान व्हायचं नाही. "आपण म्हणता त्या तपासण्या आपल्याकडे होतात. माझ्याकडे एक टेबल, एक पंखा आणि बाहेर बाकावर बसलेली माणसं. त्यातलं कुणाला आपल्याकडे पाठवायचं, तेवढं सांगा." तरुण डॉक्टर मान खाली घालून भराभरा लिहून घ्यायचे. त्यांनाही तेच विचारायचं असायचं. तुमच्या भागातही असा एखादा डॉक्टर असेल, आठवून बघा.

आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या मंडळात मी नोंदणीचं काम करते. महिन्यातून दोन रविवारी कर्वेनगरच्या एका सभागृहात या डॉक्टरांची शिकवणी असते. तिला सीएमई म्हणतात. परवाना पुढे चालू ठेवायचा तर तिथले गुण जमवावे लागतात. म्हणून काही जण येतात, सही करतात, उपमा खातात आणि पसार होतात. अशांना मी दारातच अडवते. माझ्या फटकळपणाची मंडळात ख्याती आहे. हे डॉक्टर मात्र सत्तरी ओलांडलेले, तरी सतरंज्या गुंडाळेपर्यंत थांबत. "उपम्याचे गुण वेगळे द्या हो बाई," मला हळूच म्हणत, "आमचे बरेच जण पहिले येतील."

शेवटी दहा प्रश्नांचा एक पेपर असे. तो मी उत्तरं समोर ठेवून तपासायचे. नापास कुणालाच करत नसत, आपलं आपल्याला कळावं एवढाच हेतू. एकदा पेपर हातात देताना ते म्हणाले, "हे सगळे माझ्या मुलांच्या वयाचे. पांढऱ्या केसांना मान देतील, खरं सांगणार नाहीत. तुम्ही सांगाल. मी चुकायला लागलो की त्याच दिवशी सांगायचं. दवाखाना बंद करीन."

हो म्हणायला माझं काय जात होतं? त्यांचे दहापैकी दहा ठरलेले.

पुढच्या दिवाळीनंतर नऊ आले. मग आठ. पेपर हातात घेऊन मी नुसती बसून राहिले. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात हा माणूस रोज सकाळी तीन जिने चढून आमच्या घरी येत होता. आता त्यांची बायको गेलेली, मुलगी परदेशात. दवाखान्याशिवाय त्यांना होतं काय? मी चुकलेल्या उत्तरापुढे बरोबरची खूण केली. हे गुण कोण बघतंय, कुणाचं काय बिघडणार आहे, असं मनाला सांगितलं. मग दर वेळी तेच सांगत गेले. एरवी कुणालाही तोंडावर बोलणारी मी, तिथे मात्र माझी जीभ रेटली नाही.

उन्हाळा लागला तेव्हा लहान मुलांच्या तापावर व्याख्यान झालं. पेपर गोळा झाल्यावर वक्त्यांनी सगळी उत्तरं मोठ्यानं वाचून दाखवली. मी तेव्हा बाहेर चहाचं बघत होते. पुढच्या रविवारी डॉक्टर माझ्या टेबलापाशी आले. हातात मी परत दिलेला पेपर, दहापैकी दहा.

"बाई, सातवं चुकलंय. मुलाच्या वजनावरून औषध काढायचं होतं. मी तिप्पट लिहिलंय."

मी समोरची नोंदवही मिटली.

"तुम्ही बरोबर केलंत. असं किती वेळा?"

"पाच-सहा वेळा. दिवाळीपासून."

ओरडतील असं वाटलं. ते खुर्ची ओढून बसले. "अहो, दिवाळीपासून माझ्याकडे पेशंट येतायत," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना बंद झाला. आत आम्ही दोघं बसायचो. दिवाळीनंतरचे सगळे केसपेपर त्यांनी बाहेर काढले होते. मी फोन लावायचा, त्यांनी बोलायचं. "बाळ कसंय? माझ्याकडून औषधात चूक झाली असेल. एकदा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्या." पलीकडून लोक हसायचे. "काय हो डॉक्टर, पोरगं खेळायला गेलंय!" दोन म्हाताऱ्यांच्या गोळ्या मात्र खरोखरच चुकल्या होत्या. त्यांच्या घरी ते स्वतः गेले आणि हात जोडून आले.

शेवटी एकच कागद उरला. चार वर्षांची मुलगी, ताप, औषध तिप्पट. बाप गवंडी, फोन बंद. ते कुटुंब शहराबाहेर मांजरी भागात नव्या बांधकामावर गेल्याचं कळलं म्हणून आम्ही रिक्षानं तिथं गेलो. तिथला मुकादम म्हणाला, "ते व्हय? गावाकडं गेलं की कवाच." कुठलं गाव ते त्याला ठाऊक नव्हतं. परतताना डॉक्टरांनी तो केसपेपर पुन्हा उघडून बघितला. मग म्हणाले, "बाटली संपेपर्यंत दिलं असेल का हो तिला?"

त्यानंतर भेटले की पहिला प्रश्न, "लागला का फोन?" मी रोज लावत होते, तो लागत नव्हता. गणपती झाले आणि ते गेले. मी वेळेवर बोलले असते तर त्यांचे शेवटचे महिने असे गेले नसते. हे मी मंडळात कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते आहे.

गेल्या महिन्यात त्यांच्या दवाखान्यावरून जात होते. कुलूप लावलेल्या दारापाशी एक बाई उभी होती, हाताशी मुलगी.

"ताई, डॉक्टर कदी येत्यात?"

मी मुलीचं नाव विचारलं. तिनं सांगितलं ते तेच होतं. केसपेपरवरचं नाव मला पाठ होतं.

"तापाचं औषध दिलं होतं ना हिला? ते..."

"ते व्हय! पयल्याच घोटाला थुकलं हिनं. बाटलीबी सांडली. ताप आपसूकच गेला. म्हनून तर पुन्ना यायला लाज वाटत हुती."

मुलगी पायऱ्यांवरून उड्या मारत होती. मी घाईघाईनं पर्समधून फोन काढला आणि नंबर लावला.

"कुनाला लावताय, ताई?" बाईनं विचारलं.

"डॉक्टरांना," मी म्हणाले, आणि मग मला आठवलं.