'सूथ' म्हणजे सत्य

आज दौंडला कॉलेजात 'सूथ' हा शब्द शिकवला. सत्यासाठीचा जुना इंग्रजी शब्द, आपल्या 'सत्य'चाच लांबचा भाऊबंद. इंग्रजीतला 'सूद' हा दिलासा देण्याचा शब्दही त्यातूनच निघाला, हे सांगताना मी रंगून गेलो होतो.

बाहेर आलो तर दारात गणेशची आई. माझा हा विद्यार्थी गेल्या महिन्यात कासुर्डीजवळ अपघातात गेला. शेवटी त्याच्याजवळ मीच होतो.

"सर, त्याला लई तरास झाला का वो?"

"नाही मावशी. लगेच गेला."

अर्धा तास तो आईला हाका मारत होता.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "समदी ह्येच सांगत्यात," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

इथं बरेच जण शिक्षक आहात. तुम्ही काय सांगितलं असतं?