दत्ताच्या काबीनमधला कढीपत्ता

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहायचा. तो दिवसभर गांजाची झाडं सांभाळायचा, त्याबद्दल त्याला पगार मिळायचा आणि पोलीस त्याला काही करत नसत. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधल्या निम्म्या मराठी मंडळींना त्याची ओळख मी अशीच करून दिली आहे. तो बिचारा मागून "नाही हो ताई, हान्फ, हान्फ" करत यायचा. नशा न चढणारं, दोरखंडाचं आणि तेलाचं हान्फ. पण एकदा गांजा म्हटलं की लोक पुढचं ऐकतात कुठे!

दत्तात्रय वाकचौरे त्याचं नाव. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याचा. राहुरीला एम.एस्सी. करून इथल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टरेटला आला होता. विषय, हान्फवरच्या किडी कशा ओळखायच्या आणि औषध न मारता कशा आवरायच्या. घरी त्याने 'पिकांवरची कीड' एवढंच सांगितलं होतं. आईने स्थळवाल्यांसाठी त्या पिकाचा कापूस करून टाकला होता.

मुलगा गुणी होता, पण एक मोठी खोट होती त्याच्यात. त्याला नाही म्हणता यायचं नाही. कुणाला आनमेल्डुंगला, म्हणजे सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायला, सोबत हवी, दत्ता. कुणाचं कपाट चौथ्या मजल्यावर चढवायचं, दत्ता. मीही त्याच्याकडून फार कामं करून घेतली. जिना उतरताना तो दिसला की मला काही ना काही जड आठवायचंच.

आता इथल्या मराठी घरातला कढीपत्ता म्हणजे काय, ते सांगायला हवं. उन्हाळ्यात तो बाल्कनीत डोलतो. ऑक्टोबर सरला की खोलीत येतो आणि खाली हायत्सुंगची, म्हणजे हीटरची, गरम हवा नि वर काळोखी खिडकी यांच्यामध्ये पान पान गाळत बसतो. मग लोक एकमेकांना फोन करून विचारतात, "तुमचा कसा आहे?" घरात कुणी आजारी असावं तसं. त्यात मनोरमाकाकूंचं झाड सगळ्यांत जुनं. काकू इथे तीसेक वर्षं आहेत आणि हरीशकाका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची ज्ञानदा शाळेत जायला लागली तेव्हा लावलेलं ते झाड आता खांद्याला लागत होतं. गावात कुणाकडे डोहाळजेवण असलं की पानं काकूंकडून यायची, आणि ती तोडायची काकूंनीच.

२०१६च्या हिवाळ्यात ते झाड उघडं पडायला लागलं. काकूंनी दत्ताला गाठलं.

"दत्ता, तुझ्याकडे ग्लासहाउस आहे ना रे? ऊन, ऊब सगळं?"

"काकू, ते ऑफिसचं आहे."

"मग मी काय विकत मागतेय? एक कोपरा दे."

दत्ताने दिला. त्याच्या हान्फच्या शेजारची काबीन हिवाळ्यात रिकामी होती. काबीन म्हणजे ग्रीनहाउसमधली काचेची खोली. त्याने माळ्याला विचारलं, माळी "मला काही दिसलं नाही" म्हणाला. एका काकूंचं ठेवलं म्हटल्यावर बाकीच्या काकू कशा गप्प बसतील? डिसेंबरपर्यंत तिथे कढीपत्त्यांचं वसतिगृह झालं. माझं झाड आधीच वाळून गेलं होतं, म्हणून मी सुटले.

ग्रीनहाउसचा एक नियम असतो. सकाळी आधी स्वच्छ खोलीत जायचं, शंकेच्या खोलीत शेवटी, आणि मध्ये कोट बदलायचा. कारण किडे अंगावर बसून फिरतात, त्यांना तिकीट लागत नाही. दत्ता हा नियम झोपेतही पाळला असता. पण जानेवारीत एका सकाळी काकूंचा फोन आला, "अरे, पानं गळतायत का तेवढं बघून सांग, मला चैन नाही." तो आधी कढीपत्ता बघायला गेला, कुंड्या फिरवल्या, पानं वरवर चाळली, फोनवर "छान आहे काकू" म्हणाला आणि तोच कोट घालून हान्फच्या खोलीत शिरला.

त्या खोलीत त्याचा सगळा प्रयोग जाळीच्या पिंजऱ्यांत उभा होता. काही पिंजऱ्यांत हान्फवर फक्त मावा सोडलेला, काहींत मावा आणि त्याला खाणारे ढालकिडे. कोण किती वाढतं, ते मोजायचं. कराराची मुदत उन्हाळ्यात संपत होती. प्रयोग बुडाला तर करार वाढणार नव्हता, आणि करार नाही तर व्हिसा नाही. दत्ताला अर्धवट डॉक्टरेट घेऊन अकोल्याला जावं लागलं असतं, आणि तिथे कापसाबद्दलचे प्रश्न तयारच होते.

काही आठवड्यांनी दोन पिंजऱ्यांत खालच्या पानांवर चंदेरी चट्टे दिसले. मावा असता तर कोवळ्या शेंड्याला गर्दी आणि पान चिकट झालं असतं. लाल कोळी असता तर पिवळे टिपके आणि बारीक जाळं असतं. इथे चांदी होती, आणि चांदीवर काळे ठिपके. त्याने पान पांढऱ्या कागदावर झटकलं. अर्ध्या तिळाएवढे लांबट पिवळे जीव चालायला लागले. फुलकिडे. पान खरवडून रस पितात आणि काळे ठिपके मागे सोडतात. निळे चिकट सापळे लावले, त्यांवरही तेच चिकटले.

मग तो शेजारच्या काबीनमध्ये गेला आणि काकूंच्या झाडाचं पान उलटं केलं. चांदी. घरच्या कोरड्या हवेतून किडे आधीच झाडाबरोबर आले होते, आणि फोनच्या नादात त्याने नेमकं पानाच्या मागे नीट पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला. मी चहा दिला, त्याला तो दिसला नाही.

"ताई, दार उघडं राहिलं, त्यातून आले, असं म्हणता येईल. माळी बोलणार नाही."

"मग म्हण की."

"पण मातीत त्यांचे कोष असतात. कढीपत्ता तिथेच राहिला तर पुन्हा येतील. आणि तो हलवायचा तर का हलवतोय ते सांगावं लागेल."

"म्हणजे खरं बोलायचं ठरवूनच आलास. मग चहा तरी पी, फुकट घालवू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्याने फ्राउ लिंडेमानना सगळं सांगितलं. त्या त्याच्या मार्गदर्शक. आवाज कधी चढत नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "श्रीयुत वाकचौरे, आमच्या ग्रीनहाउसमध्ये स्वयंपाकाची झाडं किती आहेत?" मग निकाल दिला. लागण झालेले दोन पिंजरे आणि सगळे कढीपत्ते, कुंडीमातीसकट वाफेच्या कपाटात घालून मारायचे. बाकीच्या पिंजऱ्यांत फुलकिडे खाणारे मित्रकोळी सोडायचे, पण आधी ते माव्याला किंवा ढालकिड्यांना धक्का लावत नाहीत ना, ते तपासून. निळे सापळे कोरे राहिले तर प्रयोग पुढे. नाही राहिले तर बंद.

बाकी काकूंना फोनवर सांगून भागलं. मनोरमाकाकू मात्र स्वतः ग्रीनहाउसवर आल्या. मीही गेले. असा प्रसंग कोण चुकवेल? त्यांना कोट आणि पायात निळ्या पिशव्या घातल्या होत्या.

"दत्ता, गांजाच्या झाडासाठी माझं झाड मारतोस?"

"काकू, हान्फ."

"काही असो. किडा दाखव मला."

त्याने पान भिंगाखाली धरलं. काकूंनी बराच वेळ पाहिलं.

"एवढेसे? आणि एवढ्यासाठी?" त्यांनी पर्समधून स्टीलचा डबा काढला. "बरं, झाड गेलं. निदान चांगली पानं तोडून घेते. घरी मिठाच्या पाण्यात धुते, वाळवते, वर्षभर पुरतील."

दत्ताने झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

"नाही काकू," तो म्हणाला.

"काय?"

"अंडी पानाच्या आत असतात. धुऊन जात नाहीत. इथून एकही पान बाहेर जाणार नाही."

"अरे, पण मूठभर—"

"नाही."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. एक हात झाडाच्या खोडावर ठेवला, मग काढला. दत्ताने कुंडी उचलून वाफेच्या कपाटात ठेवली आणि दार ओढून घेतलं. बाहेर पडताना काकूंनी पायातल्या निळ्या पिशव्या स्वतःच नीट काढून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. कोटही झटकला नाही, सांगितलं होतं तसं.

पुढे दत्ताने मित्रकोळी आणले. चहाच्या पिशवीसारख्या कागदी पुड्या असतात, त्या फांद्यांना टांगायच्या आणि आतले जीव आपापले बाहेर पडून फुलकिड्यांची पिल्लं खातात. मी म्हटलं, "म्हणजे भाड्याचे गुंड." तो म्हणाला, "हो, पण यांना चहापाणी लागत नाही." हा मुलगा विनोद करतो हे मला तेव्हाच कळलं.

फेब्रुवारीत सापळ्यावर एखादा दिसायचा. मार्चच्या सुरुवातीला इथल्या पेपरांत डॉक्टरच्या चिठ्ठीवर गांजा मिळणार म्हणून बातम्या आल्या. मी त्याला म्हटलं, "तुझे दिवस आले रे." पण तो तेव्हा सापळ्याचं निळं कार्ड भिंगाखाली घालून बसला होता आणि ते कोरं होतं. त्यानंतरचंही. फ्राउ लिंडेमाननी करार वाढवायच्या अर्जावर सही केली आणि खाली टीप लिहिली, 'काबीनमध्ये खाद्य वनस्पती आणण्यास मनाई.'

पाडव्याला मंडळाचं जेवण होतं. मनोरमाकाकू वाढायला होत्या. दत्ताच्या ताटाशी थांबून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "याच्याकडे एक पान मागितलं होतं मी. दिलं नाही मेल्याने." मग त्याला श्रीखंड वाढलं. इतरांपेक्षा थोडं कमीच.