आक्काच्या बाळंतपणातला शेपू

पाचवी पुजली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, चिंचवडच्या आमच्या घरी, आक्का वारली. तिची मुलगी तेव्हा सहा दिवसांची होती.

आक्का माझी थोरली बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्या दिवसांत तिला काय काय दिलं ते मला पाठ आहे. लसूण घालून शेपूची भाजी आणि भाकरी. जेवणानंतर चघळायला बाळंतशोपा, म्हणजे शेपूचंच बी. ताप चढल्यावर शेपूचा काढा, आणि बाजेखाली त्याच बियांची धुरी. थंड पाणी मात्र घोटभरही नाही.

शेपू मी आणत होतो. आमचं रान पिंपरीला होतं, नव्यानंच निघालेल्या पेनिसिलीनच्या कारखान्याच्या कुंपणाला लागून. कुंपणापलीकडे ते औषध तयार होत होतं आणि अलीकडे मी उकिडवा बसून जुड्या बांधत होतो. हे लिहिताना अजून राग येतो.

शेपूचा यात काही दोष नाही. त्यानं पोटातला वारा सरतो, जड अन्न पचतं. दूध वाढतं असं बायका म्हणतात, वाढतही असेल. शेपू खाऊन कुणी मेलेलं मी ऐकलेलं नाही. पण तो देत बसल्यामुळे जे करायचं राहून जातं, त्यानं माणूस मरतो. हे तेव्हा घरात कुणी बोललं नाही. बोलायला हवं होतं ते मी.

तिसऱ्या दिवशी आक्काला ताप भरला. बाळंतपण आत्यानं केलं होतं. गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिनंच कापलेली, त्यामुळे तिच्यापुढे कुणी बोलत नसे. ती म्हणाली, दूध उतरतंय, ताप येणारच. स्टेशनाजवळ डॉक्टर होता. त्याला बोलावू का, असं मी विचारलं, तर बाळंतिणीला बापय माणूस हात लावणार का, म्हणून तिनं मलाच लाजवलं. मग आईला माझं पुस्तक आठवलं.

घरात शिकलेला मी एकटा. पुण्याहून घरगुती औषधांचं एक जुनं पुस्तक आणलं होतं. एरवी माझ्या पुस्तकांना घरात रद्दी म्हणत. त्या दिवशी आई म्हणाली, "वाच रं, कागदात काय ल्हिलंय."

मी उंबऱ्याबाहेर बसून शेपूचं प्रकरण मोठ्यानं वाचायला घेतलं. बाळंतिणीस हितकारक, वातहारक, दूध वाढवणारा. पान संपलं तसं आत्या म्हणाली, "बास. कागदात बी तेच हाय." मी पुस्तक मिटलं. माझं शिक्षण पहिल्यांदाच घराच्या उपयोगी पडलं होतं, आणि मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्या बरं वाटण्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

काढा दिला. खोलीची दारं-खिडक्या लावलेल्या, खाली शेगडी. आक्काला दरदरून घाम सुटला आणि अंग जरा निवलं. शेपू लागू पडला म्हणून आत्यानं आईकडून साखर वाटवली. संध्याकाळी ताप पुन्हा चढला, पहिल्यापेक्षा जास्त. मग काढाही जास्त.

चौथ्या दिवशी आक्का ओटीपोट धरून पडून होती. दाराआडून मला म्हणाली, "मास्तर, तुमच्या पुस्तकात गार पान्याचं काय ल्हिलंय बघा की." ती मला चिडवताना मास्तर म्हणायची. आवाज चिडवल्यासारखा येत नव्हता. मी आत्याकडं पाहिलं. आत्यानं नको अशी मान हलवली. मी बहिणीला सांगितलं, गार पाणी चालत नाही असं लिहिलंय. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून पाटावर कोरा कागद ठेवतात. शेजारी ठेवायला माझा टाक नेला. आक्काला उठून बसता आलं नाही, तेव्हा आई पहिल्यांदा आत्यावर ओरडली. म्हणाली, "माझी लेक जळतीया आन् तू पूजा मांडतीस?" मी स्टेशनाकडं पळत सुटलो. डॉक्टर आला. त्यानं पेनिसिलीनच टोचलं. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, की ताप कधीपासून आहे. मी सांगितलं. तो हात धुऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचायला आला तेव्हा फार उशीर झाला होता.

तेराव्यानंतर मी शेपूचं ते पान उलटलं. पाठीमागं लिहिलं होतं, की बाळंतिणीचा ताप एका दिवसाहून अधिक टिकला किंवा ओटीपोट दुखू लागलं, तर घरच्या औषधांवर विसंबू नये, ताबडतोब डॉक्टरास दाखवावं. चारच ओळी होत्या. मी आईला वाचून दाखवल्या. आत्याला दाखवायला गेलो, तर ती म्हणाली, "आता वाचतुयास व्हय?" तिचाही राग येतो, पण पान मिटलं होतं मी. त्यानंतरही गावातल्या बाळंतिणींकडं तिलाच बोलावत राहिले, आणि तीही जात राहिली, शेपूची जुडी घेऊन.

आता आई नाही, आत्या नाही, रानही नाही. आक्काची मुलगी आहे. ते पुस्तक माझ्याजवळ आहे.