काकांचं अप्रूव्हल

आमचे काका घड्याळावरसुद्धा विश्वास ठेवत नसत. भिंतीवरचं बघायचे, मग मनगटावरचं, आणि तरी मला विचारायचे, "खरे वाजले किती?" भिवंडीच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. माणूस असो की शब्द, "हा आला कुठून?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

त्यामुळे अंबाडीच्या महेशशी लग्न करायचं मी ठरवलं तेव्हा धास्ती वडिलांची नव्हती. आमच्या घरात काकांच्या होकाराशिवाय सुपारी फुटत नाही. "काका, तुमचं अप्रूव्हल हवंय," मी लाडात येऊन म्हटलं. त्यांनी जाडजूड डिक्शनरी उघडली. "मूळ लॅटिन. प्रोबारे. म्हणजे पारखून बघणं. प्रूव्हसुद्धा त्याच्यातूनच आला. आधी पारख, होकार मागाहून. तुम्ही पोरं उलटं करता."

आणि काका खरोखरच पारखायला निघाले. कोणाला न सांगता मानकोलीला, महेश सुपरवायझर होता त्या गोडाऊनवर जाऊन धडकले. पांढरा सदरा, गावाकडची बोली. वॉचमनला वाटलं, जागेचे मालक भाड्यावरून भांडायला आले. "आइए सेठ, बैठिए!" त्यांना एसीत बसवलं, थंडा आणला, मॅनेजर स्वतः हात जोडून धावत आला. काकांनी महेशचं नाव काढताच त्याची तोंडभर स्तुती झाली.

घरी आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "एवढी सरबराई कशापायी? पोरानं सगळ्यांना पढवून ठेवलंय. कायतरी काळंबेरं हाय."

महेशने बिचाऱ्याने शपथ घेतली. "शपथ घेतो म्हणजे नक्कीच हाय," काका म्हणाले. मी रडले. माझ्या रडण्याकडेही त्यांनी चष्मा पुसून निरखून पाहिलं. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला होता.

पुढे त्यांना दम लागायला लागला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथेही नर्सने दिलेली गोळी ते नाव आणि तारीख वाचल्याशिवाय घेत नसत. ड्युटी संपली की महेश यायचा, उशाशी बसायचा. काका त्याच्याशी बोलायचे नाहीत, नुसते बघत राहायचे.

एका संध्याकाळी महेशने गोळी पुढे केली. काकांनी तोंड उघडलं आणि गिळूनही टाकली.

मी चपापले. "काका, नाव वाचलं न्हाय?"

"त्यानं वाचलंय ना," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

आमची सुपारी फुटली तेव्हा काका नव्हते. वडिलांचे डोळे भरून आले. "दादाचा होकार तेवढा राहूनच गेला," ते म्हणाले.

"राहिला न्हाय, बाबा," मी म्हटलं. "मी होते तिथं."