ज्वारीतली शाळा

“बोल बघू,” मास्तर म्हणायचे. पोराचा आवाज घोगरा निघाला की खूश. “शाबास! अभ्यास झालाय.” पाटी ते नंतर बघत.

तुम्ही पुष्कळ मास्तर पाहिले असतील. घसा तपासणारा क्वचितच. आमचे हे मास्तर सोलापूरच्या शुक्रवार पेठेतले. मंगळवेढ्याच्या अलीकडं, काळ्या रानातल्या आमच्या गावी लोकलबोर्डाची शाळा होती; तिथं ते एकटेच चारी इयत्ता शिकवत. काखेत छत्री, पायांत पेठेतल्या वहाणा. ढेकळांवरून चालताना सारखे अडखळायचे.

पौषात ज्वारी दाण्यात आली की भोरड्या पाखरांचे थवे उतरत. जरा नजर हलली की कणसं मोकळी. मग शाळेत कोण बसणार? रानारानात मेढी रोवून उंच माळा बांधलेला, त्यावर एकेक पोर आरडत उभं. शाळा ओस. आणि ओस शाळा बोर्ड बंद करतं, ही मास्तरांची धास्ती.

ते माझ्या वडिलांकडे आले. “पोराला पाठवा.”

“आन् पाखरं तुमी हाकणार व्हय, मास्तर?”

मास्तरांनी माळ्याकडं बघितलं. “पोरगं नुसतं ओरडतंच ना? मग पाढे ओरडू दे की.”

वडील हसले. “भोरड्यांस्नी काय, शिवी काय आन् पाढा काय!”

तेव्हापासून मास्तर बांधाबांधानं फिरू लागले. या माळ्यावरून सात, पलीकडून तेरा. कुणी चुकलं की खालून छत्री उगारत. मी एकोणीसपर्यंत पोचलो तो माळ्यावरच.

एक दिवस शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. रिकामी शाळा बघून तापलेले, ते मास्तरांबरोबर आमच्या बांधावर येऊन थडकले.

“मुलं कुठं आहेत, मास्तर?”

“ऐकू येताहेत की, साहेब.”

साहेबांनी वर पाहिलं ते नेमकं माझ्याकडं. “एकोणिसाचा म्हण.”

आपल्यापायी शाळा जाणार, एवढंच डोक्यात. तोच मास्तर ओरडले, “अरे, भोरड्या बसल्या बघ!” आणि पाढा आपोआप सुटला, थेट एकोणीस दाहे एकशेनव्वद. थवा भर्रकन उठला. साहेबांनी पगडी सावरली.

“शाळा राहील,” ते म्हणाले. “पण वर्ग रानात भरवायला कुणाला विचारलंत? तुमची बदली करावी लागेल.”

“शाळा राहील ना? मग झालं.”

त्या शाळेतून मी चौथी झालो आणि शिक्षण तिथंच थांबलं. आज घरापासून लांब, परमुलखातल्या गिरणीत हजेरी मांडतो. शिकलेल्या माणसांपुढं लिहिताना अजून बुजतो. पण लिहितो तरी, ही त्यांची कृपा.

मास्तर बदलून गेले तेव्हा ज्वारी उभीच होती. वेशीपर्यंत येऊ का, विचारलं तर म्हणाले, “माळ्यावरून कुणी उतरायचं नाही. वर्षाची भाकरी आहे ती.”

बांधानं अडखळत निघाले. प्रत्येक माळ्यापाशी थांबून वर बघत. आमच्या रानाशी आले आणि भोरड्यांचा थवा कणसांवर बसला. या वेळी पाढा सुटला नाही. शेजारच्या माळ्यांवरही सगळं चिडीचूप. वडील खाली गोफण खांद्यावर टाकून उभे होते. पाखरं ज्वारी खात होती, आणि मास्तर दिसेनासे होईपर्यंत वडिलांनीही गोफणीला हात लावला नाही.