गणपतीतले सहा दिवस

माझे भावजी, डॉक्टर गिरीश, इंग्लंडमध्ये मेडनहेडला राहतात. जन्मभर हॉस्पिटलात लोकांची पोटं तपासली आणि रिटायर झाल्यावर ओढ्याकाठी गुडघ्यांवर बसून उंदरांच्या लेंड्या मोजायला लागले. त्यांची बायको, माझी मोठी बहीण सुलक्षणाताई, म्हणायची, "माणूस रिटायर झाला, डिपार्टमेंट तेच राहिलं." आम्ही खूप हसायचो.

हे उंदीर घरात फिरणारे नव्हेत. पाणउंदीर ते, गुबगुबीत, आखूड तोंडाचे, काठावर बसून दोन्ही हातांत गवताचा देठ धरून खाणारे. त्या अख्ख्या ओढ्यावर त्यांची एकच वस्ती उरली होती; ताज्या लेंड्या मोजून ती अजून नांदती आहे का, याचा सर्व्हे भावजी करायचे. बाकीच्या वस्त्या मिंकने संपवल्या. मिंक म्हणजे मुंगसासारखा लांबट, काळपट प्राणी. फरच्या कोटांसाठी त्याला अमेरिकेतून आणून इथे पिंजऱ्यांत वाढवलं. काही निसटले, काही दयाळू लोकांनी सोडून दिले. ते फार्म कायद्यानं बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली, पण नद्यांवर मिंक आहेच. मादी तर इतकी सडपातळ, की पाणउंदराच्या बिळात सरळ शिरते. कोट मिरवले कोणी आणि जीव गेला कोणाचा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

भावजींनी ओढ्यात एक छोटा तराफा बांधून ठेवला होता. त्यावर बोगद्यासारखी पेटी आणि पेटीत ओली माती. मातीत मिंकची पावलं उमटली की तिथेच पिंजरा लावायचा. सापडलेला मिंक परत सोडायला बंदी, म्हणून एक म्हातारा माळी येऊन त्याला गोळी घालायचा. भावजी तेव्हा पाठ फिरवून उभे राहायचे, पण जायचे नाहीत.

गेल्या वर्षी गणपतीच्या चौथ्या दिवशी मी हाउन्सलोच्या माझ्या घरून मोदक घेऊन त्यांच्याकडे गेले होते. आरती व्हायची होती. भावजी बाहेरून आले, चिखलाचे बूट दारातच काढले आणि म्हणाले, "क्लेमध्ये फ्रेश प्रिंट्स आहेत. लहान आहेत, फीमेल असणार. आजच ट्रॅप लावतो."

माझं डोकंच फिरलं. "भावजी, घरात गणपती बसलाय आणि तुम्ही जीव घ्यायला निघालात? विसर्जन तरी होऊ दे. सिक्स डेजमध्ये काय आभाळ कोसळणारे?"

"मीनल, सहा दिवस खूप झाले गं."

"मग लावा. मी प्रसादाला थांबत नाही."

खरं सांगायचं तर मला देवापेक्षा माझा शब्द मोठा वाटत होता. भावजींनी मूर्तीकडे पाहिलं, हात धुतले आणि निरांजन लावलं. माझंच खरं झालं, म्हणून मी दोन मोदक जास्त खाल्ले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंजरा लावला. त्यानंतरच्या सकाळी मादी सापडली आणि माळ्यानं तिला मारलं. मग भावजी काठानं चालत गेले. बिळं जागच्या जागी होती. कुरतडलेले देठ वाळून पिवळे पडले होते. ताजी लेंडी एकही नव्हती. ऑक्टोबरभर ते रोज गेले. थंडी सरल्यावर, पाणउंदीर बिळांबाहेर पडतात तेव्हा, पुन्हा जायला लागले. दुसरीकडून यायला जवळपास पाणउंदीर उरलेलेच नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मे महिन्यात मीही बरोबर गेले. ते तासभर गवत बाजूला सारत होते, मी मागे उभी. इतके महिने मनात ठेवलेलं शेवटी बोलले. "भावजी, ते माझ्यामुळे गेले."

भावजी कधी कोणाचं मन दुखवत नाहीत. पेशंटच्या चिडलेल्या नातेवाइकांनासुद्धा ते 'इट्स ओके' म्हणायचे. 'छे गं, तसं काही नाही,' एवढं ते म्हणतील म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी सर्व्हेच्या फॉर्मवर तारीख घातली, पुढे शून्य लिहिलं आणि पेन खिशाला लावलं.

"चल," ते म्हणाले, "पार्किंगची वेळ संपेल."